ठिणगीची वेळ, ऑक्टेन आणि मद्यार्क : लातूर जिल्ह्याच्या संदर्भात

ड्रॅग शर्यतीसाठी मोटारीचे इंजिन सिद्ध करताना दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वी ठिणगी किती अंश आधी पाडावी, हा कळीचा प्रश्न असतो. ती फार लवकर पडल्यास उरलेले मिश्रण आपोआप पेटून इंजिनात ठोके बसतात. इंधनाची हे ठोके टाळण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ते शक्तीचे माप मानणे हा रूढ गैरसमज होय. ठिणगी अलीकडे न आणता महाग इंधन भरणे बहुधा व्यर्थच.

१९२१ मध्ये थॉमस मिडग्ले यांनी टेट्राएथिल शिसे हे ठोकारोधक शोधले. मद्यार्काचा तोच गुण त्या काळीही ज्ञात होता; तरीही जगाने विषारी शिसे स्वीकारले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले आणि २०२३ पासून २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोल विक्रीस आले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०० हून अधिक असल्याने शर्यतीतही त्याला मान आहे.

देवणीची ख्याती गोवंशाची. परंतु तिच्या लातूर जिल्ह्यात साखर कारखान्यांबरोबर इथेनॉलही आले. ते उसाचे, आणि ऊस पाण्याचा. याच लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते.