अध्ययन साहाय्य केंद्र सर्वांसाठी सुगम कसे करावे

नियमित तासांव्यतिरिक्त विद्यार्थ्याला एकट्याने किंवा लहान गटात बसून शंकानिरसन करून घेता यावे, निबंध व प्रकल्प तपासून घेता यावेत, गणितातील अडलेली पायरी पुन्हा समजून घेता यावी, यासाठी महाविद्यालयात राखून ठेवलेल्या जागेस अध्ययन साहाय्य केंद्र असे म्हणता येईल. काही ठिकाणी तिला उपचारात्मक वर्गाची खोली म्हणतात, काही ठिकाणी लेखन केंद्र, तर काही ठिकाणी ती म्हणजे शिक्षक-कक्षाच्या कोपऱ्यातील एक टेबल आणि दोन खुर्च्या एवढीच असते. ही जागा बहुधा उरलेल्या जागेतून निर्माण होते. त्यामुळे ती दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाशी किंवा भांडारगृहाच्या शेजारी आढळते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३२ अन्वये शासकीय आणि शासनाचे अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले आणि स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यांत प्रथमच समावेश झाला. प्रवेशाचे दार अशा रीतीने उघडले. परंतु प्रवेश मिळालेला विद्यार्थी टिकतो की नाही, हे पुष्कळदा पहिल्या सत्रात अडलेला विषय त्याला कोणी समजावून दिला की नाही यावर ठरते. मदतीची खोलीच त्याच्या आवाक्याबाहेर असेल तर राखीव जागा कागदावर भरते आणि वर्षअखेरीस निमूटपणे रिकामी होते. केंद्राच्या नोंदवहीत आलेल्यांची संख्या असते. जिन्यापाशी येऊन परत गेलेल्यांची नसते.

प्रथम वाटेचा विचार करू. रॅम्पचा उतार १ : १२ पेक्षा तीव्र नसावा, असा मान्य दंडक आहे. प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या, म्हणजे ४५ सेंटीमीटर उंची चढावयाची असेल, तर रॅम्पची लांबी ५ मीटर ४० सेंटीमीटर भरते. तीन पायऱ्यांवर टाकलेली फळी म्हणजे रॅम्प नव्हे; ती व्हीलचेअर उलटविण्याचे साधन आहे. बांधकामास निधी नसेल तर केंद्राची खोली तळमजल्यावरील एखाद्या कार्यालयाशी बदलून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय, आणि तोच सहसा सुचत नाही. दाराची मोकळी रुंदी किमान ९० सेंटीमीटर असावी. बाके जमिनीला जखडलेली नसावीत आणि टेबलाखाली गुडघे जाण्याइतकी जागा असावी. जवळ वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसेल तर उरलेल्या सोयी निरर्थक ठरतात.

रॅम्प झाला की काम संपले, असा समज मात्र सार्वत्रिक आहे. स्वमग्न विद्यार्थ्याला रॅम्पची नव्हे, तर अंदाज बांधता येण्याची गरज असते. खोली कशी दिसते, समोर कोण बसणार, किती वेळ बसावयाचे, हे आधी कळले तर तो येतो. म्हणून खोलीची आणि मार्गदर्शकांची छायाचित्रे, तेथे जाण्याची वाट व कामकाजाचा क्रम आगाऊ उपलब्ध ठेवावा. गुणगुणणारी ट्यूबलाइट, कुरकुरणारा पंखा, एकाच खोलीत चाललेली चार संभाषणे ही इतरांना जाणवतही नाहीत. काहींना मात्र त्यांपुढे समोरच्याचे शब्द ऐकणे अशक्य होते. एक शांत कोपरा, भिंतीकडे तोंड करून बसण्याची मुभा आणि उठून दोन मिनिटे बाहेर फिरून येण्याची मोकळीक यांना खर्च येत नाही.

एकाची सोय ही दुसऱ्याची गैरसोय ठरू शकते. अल्पदृष्टी असलेल्यास प्रखर प्रकाश हवा असतो, तर दुसऱ्या एखाद्यास तोच असह्य होतो. येथे छताचा दिवा मंद ठेवून प्रत्येक टेबलावर स्वतंत्र दिवा देणे हा मार्ग आहे. स्वमग्न विद्यार्थ्याला ठरलेली वेळ हवी असते. एडीएचडी असलेला विद्यार्थी ठरलेली वेळ विसरतो. तेव्हा वेळ आरक्षित करण्याची आणि आयत्या वेळी येण्याची अशा दोन्ही व्यवस्था ठेवाव्यात, आदल्या दिवशी आठवणीचा संदेश पाठवावा आणि एकदा चुकलेल्यास दंड करू नये.

अंध विद्यार्थ्यांच्या बाबतीत मराठीचा एक खास प्रश्न आहे. मराठीत वर्षानुवर्षे जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेखन झाले. अशी टिपणे पडद्यावर सुबक दिसतात, परंतु संगणकावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यांत रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गोंधळच सापडतो. पानांची नुसती छायाचित्रे काढून केलेली पीडीएफ तर त्याला कोरीच असते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो, तेव्हा अडचण सॉफ्टवेअरच्या किमतीची नाही. टिपणे युनिकोडमध्ये लिहिण्याची आहे. पुस्तके सुगम स्वरूपात रूपांतरित करण्यास २०१२ मध्ये दुरुस्त झालेल्या कॉपीराइट कायद्याने मुभा दिलेली आहे. मार्गदर्शकाने आपली भाषाही तपासावी. 'हे इकडे नेले, ते तिकडे गेले' असे फळ्यावर बोट ठेवून शिकविणे अंध विद्यार्थ्याला काहीच सांगत नाही. कोणते पद कोणत्या बाजूस नेले व त्याचे चिन्ह कसे बदलले, हे शब्दांत सांगावे लागते. असे शिकविले की डोळस विद्यार्थ्यालाही गणित अधिक कळते, हा अनुषंगिक लाभ.

ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्या कर्णबधिर विद्यार्थ्यासमोर मार्गदर्शकाने खिडकीकडे पाठ करून बसू नये, कारण चेहरा काळोखात जातो. शिवाय प, ब आणि म ही अक्षरे ओठांवर सारखीच दिसतात. 'पाट' आणि 'माट' यांतील फरक ओठ सांगत नाहीत. पारिभाषिक शब्द लिहूनच दाखवावेत. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळाल्यास विद्यार्थ्याकडे पाहून बोलावे, दुभाष्याकडे नव्हे.

डिस्लेक्सिया असलेल्यास सर्वांसमोर मोठ्याने वाचावयास सांगू नये. निबंध तपासताना आधी त्याचा मुद्दा, मांडणी आणि पुरावे पाहावेत, ऱ्हस्व-दीर्घ शेवटी. पहिल्याच ओळीतील वेलांटीवर लाल रेघ ओढली गेली की तो विद्यार्थी पुढच्या वेळी येत नाही.

प्रमाणपत्राचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. एडीएचडीचा उल्लेख २०१६ च्या कायद्याच्या अनुसूचीत नावानिशी नाही, आणि अनेकांचे निदान वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत झालेलेच नसते. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये असा निर्णय दिला, की परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. परीक्षेला जे लागू पडते ते शंकानिरसनाला का लागू नसावे? केंद्राच्या दाराशी प्रमाणपत्र मागू नये. 'आपणास कोणत्या प्रकारे बसणे, वाचणे, बोलणे सोयीचे आहे?' हा प्रश्न प्रत्येक येणाऱ्यास विचारावा, म्हणजे कोणालाही वेगळे पडावे लागत नाही.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे दिली. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी कायद्याने नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. ती जून २०२२ मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सुगमतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपाची ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरविला आणि बंधनकारक मानके तीन महिन्यांत ठरविण्याचा आदेश केंद्र शासनास दिला.

ज्या महाविद्यालयांना प्रारंभ करावयाचा आहे त्यांनी व्हीलचेअर वापरणाऱ्या, अंध आणि स्वमग्न अशा किमान तीन विद्यार्थ्यांना फाटकापासून केंद्राच्या टेबलापर्यंत यावयास सांगावे, त्यांच्यासोबत चालावे आणि ते जेथे जेथे थांबतात ती ठिकाणे लिहून घ्यावीत. या कामाबद्दल त्या विद्यार्थ्यांना मानधन द्यावे.