भांडे कुणाचे, हात कुणाचा?

टेबलावर जग, बाजूला फळे, मागे एखादा पडदा. अशा चित्राला वस्तुचित्र म्हणतात. समीक्षक त्यात आकार, रंग, रचना बघतात. ते बघायलाच हवे. पण या देशात भांड्याला आकार असतो तशी जातही चिकटवलेली असते. ती विसरून वस्तुचित्र पूर्ण वाचता येईल का?

के. एच. आरा यांचे उदाहरण घेऊ. जन्म १९१४, सिकंदराबादजवळचे बोलारम. लहानपणीच घर सोडून ते मुंबईत आले. लोकांच्या घरी घरगडी म्हणून राबले, मोटारी धुतल्या. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करणाऱ्यांत ते होते. त्यांनी फुले, फळे, भांडी पुन्हा पुन्हा रंगवली. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले ते 'टू जग्स' या चित्राला. विषय काय, तर दोन जग! मालकाच्या घरात ज्या वस्तूकडे कुणी वळूनही बघत नाही, ती वस्तू कॅनव्हासच्या मध्यभागी आली.

त्याआधी पंचवीस वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. शाळेत असताना त्यांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. १९५० मध्ये संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. भांडी मात्र घराघरांत वेगळीच राहिली.

सूसच्या आमच्या अभ्यासवर्गात आरांची वस्तुचित्रे मोबाईलवर दाखवली, तेव्हा सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "यात माझा कप कुठाय?" त्या जिथे काम करतात तिथे त्यांचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. सगळ्यांचे कप त्या घासतात, चहा मात्र त्या एकाच कपात.

कुणी म्हणेल, चित्रकाराच्या मनात हे नव्हते. नसेलही. आरांच्या मनात जात होती असा आमचा दावा नाही. चित्रकार वस्तू समोर ठेवतो. बघणारा आपला इतिहास घेऊन येतो. आजवर बघणारे ठराविक घरांतले होते, म्हणून अर्थही ठराविकच निघाले.

तेव्हा मित्रांनो, कलादालनात बिनधास्त जा. भांड्याचे चित्र दिसले की रंग बघा, रेषा बघा आणि विचारा: यात पाणी कुणी भरले, प्यायले कुणी, घासले कुणी?

जय भीम!