शिवायचं, पण शिवू द्यायचं नाही!

मंडळी, आपल्याकडे दहावी झाली की मुलांची वाटणी होते. सायन्सवाले इकडे, आर्ट्सवाले तिकडे. मी आर्ट्सवाला. मराठी माध्यमातून बी.ए. झालो आणि नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) मास्तरकी केली. पण नाटकाचा इतिहास चाळला की वाटतं, रंगभूमीने ही वाटणी कधी मानलीच नाही.

१८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करणारे विष्णुदास भावे दोऱ्यांवर हलणाऱ्या लाकडी बाहुल्याही घडवत. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणाऱ्या याच माणसाने पुढे सिनेमाचा कॅमेराही स्वतः तयार केला. १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ आलं, ते फिरता रंगमंच घेऊन. पणशीकरांच्या पाच भूमिका सगळ्यांच्या लक्षात आहेत. रंगमंच फिरवणारे हात कुणाला आठवतात? ही विद्या उस्तादाच्या हाताखालीच शिकायची. आम्ही बी.ए.ला नाटकातले रस शिकलो, पडदा कसा सरकतो ते नाही.

आता ती शाळेत शिकवता येते. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी आर्डुइनो हे छोटं बोर्ड तयार झालं, तेही डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी. २००७ मध्ये लिलीपॅड आलं. ते चक्क कापडावर शिवायचं, तारेऐवजी वीज वाहणारा दोरा वापरून! आपल्याकडे २०१६ पासून काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी.

यंदा नातीच्या वर्गाने स्नेहसंमेलनासाठी राजाच्या शेल्याच्या काठात दिवे शिवले. एलईडीचा लांब पाय धन, आखूड ऋण. बटणाएवढा ३ व्होल्टचा सेल. धन आणि ऋण दोरे एकमेकांना शिवले की दिवे गेलेच! म्हणजे शिवायचं, पण शिवू द्यायचं नाही. मराठीच्या मास्तराला आणखी काय हवं?

सगळ्यात आधी दिवा लागला तो एका अशा मुलीचा, जी ‘मला सायन्स जमत नाही’ म्हणायची. तिचा टाका सुबक होता. वीज कशी वाहते हे तिला फळ्यावर नव्हे, सुईच्या टोकावर कळलं. दहावीनंतर ती कुठल्या बाजूला जाईल ते जाओ, आता निदान घाबरून तरी जाणार नाही.

असो. तुमच्या घरात पडद्यामागे राबलेलं कुणी असेल, तर त्यांचं नाव आणि काम जरूर लिहा. इतिहासात तेवढीच भर.