तापवताच दुधाळ : मेघबिंदूचे रसायन

साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, हा स्वयंपाकघरातील नेहमीचा अनुभव. भांडी आणि कपडे धुण्याच्या द्रवांतील काही सर्फॅक्टंट, म्हणजे मळ सुटा करणारे घटक, मात्र याच्या उलट वागतात. त्यांचे पारदर्शक द्रावण ठरावीक तापमानाला अचानक दुधाळ होते. या तापमानास मेघबिंदू म्हणतात.

असे का घडते?

सर्फॅक्टंटच्या रेणूचे एक टोक तेलाकडे, तर दुसरे पाण्याकडे ओढ घेते. पाण्यात हे रेणू एकत्र येऊन मिसेल नावाचे सूक्ष्म पुंजके बनतात. विद्युतभार नसलेल्या सर्फॅक्टंटचे जलस्नेही टोक हायड्रोजन बंधांनी पाण्याला धरून असते. उष्णतेने हे बंध क्षीण होतात, मिसेल परस्परांकडे ओढले जातात आणि द्रावण गढूळ दिसते. ते गरम राहिल्यास दोन थर पडतात : एकात बहुतांश सर्फॅक्टंट, दुसऱ्यात मुख्यतः पाणी. थंड होताच ते पुन्हा एकजीव होते. ट्रायटन एक्स-११४ चा मेघबिंदू सुमारे २३ अंश सेल्सिअस, तर ट्रायटन एक्स-१०० चा सुमारे ६५ अंश आहे.

मिश्रणाचा परिणाम

त्यात सोडियम डोडेसिल सल्फेटसारखा विद्युतभारित सर्फॅक्टंट अल्प प्रमाणात मिसळला, तर मिसेलांवर सारखाच भार येतो. ते एकमेकांना दूर लोटतात आणि मेघबिंदू बराच वर सरकतो. मीठ घातल्यास हा भार झाकला जातो व मेघबिंदू पुन्हा खाली येतो. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात यावर मूलभूत काम झाले. वलावलीकर व मनोहर यांनी १९८५ मध्ये ट्रायटन एक्स-१०० वरील मिश्रित पदार्थांचा परिणाम अभ्यासला. १९९० मध्ये मनोहर व केळकर यांनी मिश्र सर्फॅक्टंटांच्या मेघबिंदूचे सैद्धांतिक प्रारूप मांडले.

उपयोग आणि दक्षता

पेशीपटलातील प्रथिने वेगळी करण्यासाठी ट्रायटन एक्स-११४ च्या या गुणाचा उपयोग १९८१ पासून होत आहे. धुण्याच्या द्रवात मात्र थर पडणे ही अडचण ठरते. सांताक्रूझ येथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश तापमान नोंदले गेले होते. पत्र्याच्या गोदामात पारा बाहेरच्या हवेपेक्षाही चढतो. मेघबिंदू याहून खाली असल्यास बाटलीतून कधी दाट द्रव, तर कधी जवळपास पाणीच ओतले जाईल. म्हणूनच उत्पादकाला मिश्रणाचे प्रमाण काटेकोर ठेवावे लागते. उन्हात गढूळलेला द्रव थंड करून हलवल्यावर पुन्हा स्वच्छ झाला, तर तो गढूळपणा भेसळीपेक्षा मेघबिंदूचा असण्याचीच शक्यता अधिक.