शाफहाउझेनचा वैद्य
बोलतां बोलतां माणूस कोसळतो, एक अंग लुळें पडतें, वाचा जाते. या अर्धांगवायूचें कारण मेंदूच्या पोकळ्यांत साचणारा कफ होय, हें गेलेनचें मत युरोपांत सुमारें पंधराशें वर्षें प्रमाण मानलें जात होतें. कवटी उघडून खात्री करावी, असें फारच थोड्यांस वाटलें.

स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेनचा योहान याकोब वेप्फर (१६२०–१६९५) त्या थोड्यांपैकीं. १६४७ सालीं तो नगरवैद्य झाला, आणि रुग्णालयांत मृत्यु पावलेल्यांचीं शवें तपासण्याची परवानगी त्याला मिळाली. मृतदेहास शस्त्र लावणें लोकांस रुचत नसे. तेव्हां ही परवानगी थोडकी नव्हे. ज्यांवर औषधोपचार केले त्यांच्याच मेंदूंत त्यानें पाहिलें. तेथें कफ नव्हता, सांडलेलें रक्त होतें!

हार्वेनें १६२८ सालीं रक्ताभिसरण सिद्ध केलेंच होतें. त्या आधारें वेप्फरनें मानेंतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांचा मार्ग शोधला. रक्त बाहेर सांडलें, अथवा त्याची वाट अडली, तर घात होतो, असें त्यानें १६५८ सालच्या आपल्या लॅटिन ग्रंथांत चार रोग्यांच्या हकीकती देऊन मांडलें.

१६९५ सालीं तो वारला. तेव्हां त्याच्याहि देहाची तशीच तपासणी झाली. त्याची महाधमनी कठीण झालेली आढळली.