पिणाऱ्याची जात सांगता, गाळणाऱ्याची का नाही?

"वस्तीतली माणसं पितात, म्हणून वस्ती मागे राहिली." हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आम्ही दारूची वकिली करत नाही. धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे आणि ती आम्हाला मान्य आहे. पण पिणाऱ्याची जात मोजणारे लोक भट्टीच्या मालकाचे नाव विचारत नाहीत. ते आम्ही विचारणार.

ठाणे-कुलाब्याच्या पाड्यांवर मोहाची फुले म्हणजे अन्न होते आणि त्यांचीच घरी दारूही गाळली जाई. दारूचे मक्ते इंग्रजांनी आधीही दिले होते. मात्र १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने फास आवळला. ताडामाडावर कर बसला आणि दारू परवान्याच्या भट्टीतच गाळायची, असे ठरले. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडच्या उरणला मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या. त्यांचे मालक बहुतेक पारशी, आणि माल मुंबईच्या गुत्त्यांत जायचा. या भट्ट्यांसाठी पंचमहालातून फुले येत. इकडे १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत त्याच फुलांच्या साठवणीवर निर्बंध आले. फूल एकच, भट्टीत गेले की महसूल, कातकऱ्याच्या टोपलीत सापडले की गुन्हा! (महाराष्ट्र सरकारने मोहफुलांवरची बंधने उठवण्याचा निर्णय घेतला तो २०२१ साली.)

पुण्यात दारूची दुकाने वाढत चालल्याची तक्रार जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेकडे केली ती याच काळात, १८८० साली. दुकाने का वाढत होती, हे सरकारच्या तिजोरीला चांगले ठाऊक होते.

बाबासाहेबांनी नेमके तिथेच बोट ठेवले. १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी हिशोब मांडला: सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. जेवढे दारूतून घेता, तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती.

पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, यथावकाश सैलही झाला. तोवर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले होते. साखर काढल्यावर उरते ती मळी, आणि मळीपासून मद्यार्क. कारखान्याला जोडून आसवनी उभी राहिली. तिला मात्र कुणी भट्टी म्हणत नाही. तिचे नाव उपपदार्थ प्रकल्प! अध्यक्ष कोण, संचालक कोण, हे गावोगावच्या फलकांवर वाचायला मिळते. ऊस तोडणारा त्या फलकावर नसतो. संध्याकाळी देशी दारूच्या दुकानापुढे तो दिसतो. हातभट्टीवर धाड पडते तेव्हा डबे फुटतात ते पाड्यावरच्या, तांड्यावरच्या बाईचे.

राज्याच्या अर्थसंकल्पात दारूच्या महसुलाचा आकडा दरवर्षी छापला जातो. मित्रांनो, येत्या अधिवेशनाआधी तो आकडा काढा, त्याच्या शेजारी मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा आकडा ठेवा आणि आपापल्या आमदाराला १९२७ चाच प्रश्न लेखी विचारा.