देवाची लेकरे : रे. नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचा ख्रिस्तविश्वास आणि घरातील आचरण

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मांतराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची भिस्त बहुतांशी दोन प्रकारच्या साधनांवर राहिली आहे. एक म्हणजे मिशनांचे अहवाल, दुसरे म्हणजे त्यांना उत्तर देण्यासाठी झालेले खंडनपर लेखन. दोन्ही साधनांचा भर बाप्तिस्म्यावर आहे. किती जणांनी घेतला, कोणी घेतला, का घेतला, हे प्रश्न दोन्हींकडे सारखेच महत्त्वाचे ठरतात. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी त्या घरात पाणी कोणी भरले, स्वयंपाक कोणी केला, पंगतीला कोण बसले, याची नोंद मात्र या साधनांत क्वचितच आढळते. ख्रिस्तावर विश्वास ठेवणे आणि देवाची लेकरे म्हणून विश्वासूपणे जगणे या दोन गोष्टी बायबलमध्ये एकमेकींपासून वेगळ्या काढलेल्या नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आणि पौलाचे रोमकरांस पत्र या दोन्ही ठिकाणी विश्वासाचे फळ म्हणून पुत्रत्वाचे नाते सांगितले आहे. या नात्याची परीक्षा मराठी घरात कशी झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात रे. नारायण वामन टिळक (1861–1919) व लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) यांच्या जीवनाच्या आधारे केला आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात टिळक हे नाव उच्चारले की लोकमान्यच डोळ्यांसमोर येतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु या दुसऱ्या टिळकांच्या आयुष्याला कलाटणी देणारा कालखंडही विदर्भाशीच निगडित आहे. कोळसा व चुना यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वणी तालुक्यातील राजूर येथून त्यांच्याकडे पाहताना हा संबंध ध्यानात ठेवणे उचित होईल.

नागपूर ते राजनांदगाव

नारायण वामन टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई भाविक व काव्यप्रेमी होत्या, तर वडील अतिशय कठोर. आई लहानपणीच गेली. त्यानंतर हा मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृतचे अध्ययन केले. पुढील आयुष्य भटकंतीचे आहे. एक गाव धरावे, नोकरी पत्करावी, ती सोडावी आणि पुन्हा निघावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. ‘ऋषि’ नावाचे मासिकही तेथेच चालविले. जातिभेद व मूर्तिपूजा यांविषयी त्यांच्या मनात याच काळात प्रश्न उभे राहिलेले दिसतात. ख्रिस्ताची ओळख होण्यापूर्वीच ते धर्मशोधक होते, हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

1893 मध्ये राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले. या प्रवचनात येशू देवाचा उल्लेख वारंवार ‘तुमचा पिता’ असा करतो. शत्रूवर प्रीती करणे, गुप्तपणे दान देणे, उद्याची चिंता न करणे या सर्व आज्ञांना तेथे एकच आधार आहे. पिता असा आहे, म्हणून लेकरांनीही असेच असावे. त्रैक्य किंवा प्रायश्चित्त यांच्या तात्त्विक चर्चेने टिळक ख्रिस्ताकडे वळले नाहीत. ते वळले या नात्याच्या भाषेने. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही भाषा त्यांना परकी का वाटली नाही, याचे उत्तर वारकरी परंपरेत आहे. ज्ञानदेवांना ‘माउली’ म्हणणाऱ्या आणि लेकरे अंगाखांद्यावर घेतलेल्या विठ्ठलाचे जनाबाईंनी रंगविलेले चित्र घरोघरी जपणाऱ्या समाजात देव व भक्त यांचे नाते माता आणि अपत्य यांचे होतेच. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक सांगत. त्यामुळे मिशनच्या मराठीतील ‘पिता’ त्यांच्या अभंगांत सहजच ‘माता’ होतो आणि ख्रिस्त गुरुमाउलीच्या रूपात अवतरतो. कठोर वडील आणि लवकर गेलेली आई यांचा या प्रतिमेशी संबंध जोडण्याचा मोह होतो. तो संबंध काही अंशी खराही असावा, पण ज्या प्रतिमा साऱ्या महाराष्ट्राच्या आहेत त्या एका माणसाच्या बालपणाने पूर्णतः उलगडत नाहीत.

विश्वास कोणाचा आणि किंमत कोणाची

या धर्मांतराची दुसरी बाजू येथे मांडणे आवश्यक आहे. बाप्तिस्म्याचा निर्णय टिळकांनी पत्नीची संमती न घेता केला. लक्ष्मीबाईंना तो नंतर कळला. त्या वेळी त्यांच्याजवळ 1891 मध्ये जन्मलेला देवदत्त हा लहान मुलगा होता. त्या काळातील समाजाच्या दृष्टीने त्यांची अवस्था सधवेची नव्हती आणि विधवेचीही नव्हती. नाशिक, पंढरपूर येथे नातलगांच्या आधाराने त्यांनी वियोगाची चार-पाच वर्षे काढली. ज्याने देवाला पिता मानले त्याने आपल्याच लेकराला पित्यावाचून ठेवले, हा आक्षेप टिळकांवर घेता येतो. माझ्या मते तो घेतलाच पाहिजे. श्रद्धेच्या उत्कटतेने त्याची धार बोथट होत नाही.

या काळातील सामाजिक वातावरण समजण्यासाठी पुण्यातील पंचहौद मिशनचे प्रकरण आठवावे. 1890 मध्ये तेथे केवळ चहा घेतल्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. एका पेल्याची ही कथा असेल, तर बाप्तिस्मा घेतलेल्या पुरुषाच्या बायकोचे काय झाले असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. कायद्याने धर्मांतरितांना काही संरक्षण दिले होते. 1850 च्या अधिनियमाने त्यांचा वारसाहक्क अबाधित ठेवला. 1866 च्या अधिनियमाने तर धर्मांतरामुळे जोडीदाराने त्याग केल्यास विवाहविच्छेद मागून पुन्हा विवाह करण्याची वाट ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस खुली केली. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. ते वाट पाहत राहिले. ‘विश्वासू’ या शब्दाचा त्यांच्या आयुष्यातील पहिला खरा अर्थ मला येथे सापडतो. कायद्याने दिलेली मोकळीक त्यांनी वापरली नाही आणि पत्नीवर धर्मांतराची सक्तीही केली नाही.

पाण्याचा प्रश्न

लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी आणि त्यांची चूल वेगळी राहिली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा हा भाग धर्मेतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. त्यांचे माहेर नाशिकजवळील जलालपूरचे. वडिलांचे सोवळ्याचे वेड इतके पराकोटीचे होते की त्यापायी घरातील माणसे त्रासून गेली होती. त्या घरात वाढलेली स्त्री आता ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात आपले सोवळे राखू पाहते. लेखिका हे सारे विनोदाने सांगते, त्यामुळे त्यातील पेच वाचकाच्या नजरेतून निसटण्याचा संभव आहे.

त्यांच्या मनातील परिवर्तन प्रवचनाने घडले नाही. जाती देवाने निर्माण केल्या की माणसाने, हा एकच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. देवाने केलेले भेद प्राण्यांत डोळ्यांना दिसतात. माणसामाणसांत तसा भेद दिसत नाही. मग हा भेद मानवनिर्मितच असला पाहिजे, या निष्कर्षावर त्या पोहोचल्या आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये झाला. घटनांचा हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. टिळकांच्या बाबतीत ख्रिस्त आधी व घरातील आचरण मागाहून आले. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत सर्व माणसे एकाच देवाची लेकरे आहेत हे आचरणातून आधी मान्य झाले आणि त्या पित्याकडे नेणाऱ्या ख्रिस्ताचा स्वीकार नंतर झाला. ज्या स्त्रीला पाण्याच्या घड्यावरून धर्म शिकवला गेला होता, तिने धर्म घड्यापाशीच तपासला, यात नवल नाही. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या स्त्रीची विचारपद्धती त्या काळातील कित्येक धर्मवादांपेक्षा शुद्ध आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

1899–1900 हा भीषण दुष्काळाचा काळ. त्या दिवसांत व त्यानंतरही निराधार मुले टिळकांच्या घरात वाढली. त्यांची जात विचारली जात नव्हती, पण घरात दाणे आहेत की नाहीत हेही टिळक विचारत नसत. हाती आलेला पैसा ते देऊन टाकत, संसार चालविण्याचे ओझे लक्ष्मीबाईंवर पडे आणि मग खटके उडत. उद्याची चिंता करू नये ही आज्ञा एकाने पाळायची आणि उद्याचे पीठ दुसऱ्याने शोधायचे, अशी ही विभागणी होती. लक्ष्मीबाईंनी ती लपवली नाही. त्यामुळेच त्यांचे लेखन संतचरित्राच्या साच्यात बसत नाही आणि इतिहासाचे साधन म्हणून अधिक विश्वसनीय ठरते. कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे हेही नगरला या घरात पुत्रासारखे राहिले. 1907 च्या जळगाव येथील कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळालेला हा तरुण ख्रिस्ती झाला नाही. त्याने व्हावे अशी अट या घराने घातलेली आढळत नाही.

देवाचा दरबार

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले. टिळकांच्या काळापर्यंत या कार्याला शतक पूर्ण होत आले होते. नगर हे त्याचे मोठे केंद्र होते. टिळकांनी मिशनमध्ये अध्यापन केले, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले, कीर्तने केली, अभंग रचले. तरीही एक शल्य त्यांना सलत राहिले. मिशन हे मायबाप आणि देशी ख्रिस्ती ही त्याची पोसलेली मुले, असे नाते तयार झाले होते. वेतन, घर, शाळा, पाळक सारे एकाच ठिकाणाहून मिळे. देवाची लेकरे म्हणवणारा समाज प्रत्यक्षात मिशनची लेकरे बनत आहे, हे टिळकांनी ओळखले. त्यांच्या सर्व निरीक्षणांत हे मला सर्वाधिक मूलगामी वाटते.

1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोघांनाही त्यात स्थान होते. चर्चमधील अनेकांना हे रुचले नाही. बाप्तिस्म्याचे महत्त्व कमी होईल ही त्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. कारण बहिष्कार सोसून ज्यांनी बाप्तिस्मा घेतला होता त्यांच्यासाठी ती सीमारेषा फार मोलाची होती, आणि लक्ष्मीबाई त्यांच्यापैकीच एक होत्या. टिळकांची बाजू अशी की घर पित्याचे असेल तर दारात नावे तपासण्याचा अधिकार लेकरांना नाही. हा वाद सुटला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि दरबाराला स्थिर रूप येण्यास अवधीच मिळाला नाही.

यवतमाळच्या संदर्भात

आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती कार्य मुख्यत्वे फ्री मेथडिस्ट मिशनच्या द्वारे झाले. 1953 मध्ये यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली. विविध पंथांचे विद्यार्थी भारताच्या अनेक भागांतून येथे ईशज्ञानाच्या शिक्षणासाठी येत. 1983 मध्ये ही संस्था पुण्यास हलविण्यात आली. तीस वर्षे यवतमाळसारख्या आडवळणाच्या गावी उच्च ख्रिस्ती शिक्षणाचे केंद्र होते, याची आठवण आज जिल्ह्याबाहेर फारशी राहिलेली नाही. तेथील उच्च अध्ययनाची भाषा इंग्रजी होती. टिळकांनी कीर्तन व अभंग यांतून जी मराठी घडविली, ती या जिल्ह्यात पोहोचली ती मंडळ्यांच्या उपासनेतून आणि गायनातून. पदवी आणि प्रार्थना यांच्या भाषा वेगळ्या राहिल्या. मिशन आणि मंडळी यांच्यातील ज्या अंतराविषयी टिळक बोलत होते, त्याचाच हा एक प्रकार होय. विदर्भातील ख्रिस्ती इतिहासाच्या अभ्यासकाने संस्थांच्या दप्तरांबरोबर घराघरांतील गीतसंग्रह, कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानांवरील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि वृद्ध स्त्रियांच्या आठवणी गोळा केल्या, तर वणी-राजूर परिसरातही अशी सामग्री हाती लागू शकेल.

टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्याचा फार मोठा भाग त्यांनीच रचला. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले आणि काव्याची शेवटची पूर्तता पुत्र देवदत्त यांनी केली. पित्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आईसोबत मागे राहिलेला मुलगा तो हाच.